बावीस दिवसांची नोटीस: उत्तर प्रदेशातल्या सरकारी वकिलांचं १९९० चं प्रकरण

६ फेब्रुवारी १९९० रोजी उत्तर प्रदेश सरकारने एक परिपत्रक काढलं. राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांमधले सरकारी वकील २८ फेब्रुवारीपासून कामावरून मोकळे होतील आणि त्यांच्या जागी नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी नव्या नावांची पॅनल पाठवावीत, असा त्याचा आशय होता. फौजदारी, दिवाणी, महसुली, मुख्य, अतिरिक्त, साहाय्यक, कोणीही सुटलं नाही. एखाद्याची मुदत वर्षभर शिल्लक असो, एखाद्याची संपून मुदतवाढीचा कागद अडकलेला असो, एखाद्याबद्दल जिल्हा न्यायाधीशांनी वर्षानुवर्षं चांगले शेरे लिहिलेले असोत, सगळ्यांना एकच तारीख.

त्याआधी दोन महिन्यांपूर्वी राज्यात सत्तापालट झाला होता. नोव्हेंबर १९८९ च्या निवडणुकीत नारायणदत्त तिवारी यांचं काँग्रेस सरकार गेलं आणि ५ डिसेंबरला मुलायमसिंह यादव जनता दलाचे मुख्यमंत्री झाले. परिपत्रकात राजकारणाचा शब्दही नव्हता. सरकारी खटल्यांचं काम सुरळीत करायचं आहे, एवढंच सरकारचं म्हणणं. पण जिल्हा न्यायालयाच्या बाररूममध्ये बसणाऱ्या कोणालाही असं परिपत्रक समजावून सांगावं लागत नाही. सरकार बदललं की सरकारी वकील बदलतात, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही चुकतंय असंच पुष्कळांना वाटत नाही. मला वाटतं, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

सरकारी वकील हा काही नुसता सरकार नावाच्या अशिलाचा वकील नव्हे. खून, दरोडा, बलात्कार, सरकारी पैशाचा अपहार, असे सत्र न्यायालयातले खटले राज्याच्या वतीने तोच चालवतो. फिर्यादी घरचं माणूस गमावून आलेला असतो, पण खटला त्याच्या हातात नसतो. तो न्यायालयात मागच्या बाकावर बसतो आणि पुढे उभा राहतो तो सरकारी वकील. आरोपीला शिक्षा व्हावीच म्हणून धडपडणं हेही त्याचं काम नाही. पुरावा जसा आहे तसा, आरोपीच्या बाजूचा असला तरी, न्यायालयापुढे ठेवणं हे त्याचं काम आहे. आपल्या न्यायालयांनी हे अनेकदा सांगितलंय.

आता हा माणूस दबावाखाली असेल तर काय होतं, ते जवळून पाहा. सोमवारी सकाळी एका वजनदार आरोपीचा जामीन अर्ज बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामांच्या यादीत आहे. न्यायाधीश विचारतात, सरकार पक्षाचा से (लेखी म्हणणं) आला का? सरकारी वकील उठून म्हणतो, तपास अधिकारी आलेले नाहीत, योग्य तो आदेश व्हावा. बस, एवढंच. त्याने जामिनाला संमती दिलेली नाही, विरोधही केलेला नाही. आरोपीवरचे आधीचे गुन्हे, साक्षीदारांना आलेल्या धमक्या, हे सगळं त्याच्या फाइलमध्ये असतं आणि फाइलमध्येच राहतं. पुढे खटल्यात एखादा साक्षीदार फिरतो. त्याला फितूर जाहीर करून उलटतपास घ्यायचा की दोन प्रश्न विचारून बसून जायचं, हे सरकारी वकीलच ठरवतो. सुटकेनंतर अपील करण्याजोगा मुद्दा आहे की नाही, यावर पहिलं मत त्याचंच जातं. यातली एकही गोष्ट लाच घेतल्यासारखी उघडी पडत नाही. रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत सगळं नियमाने झालेलं दिसतं.

म्हणून अशा वकिलाला कोण नेमतं आणि कोण काढतं, हा प्रश्न फक्त वकिलांच्या पोटापाण्याचा नाही.

१९९० मध्ये नियम काय होते ते पाहू. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम २४ प्रमाणे जिल्हाधिकारी सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून लायक वकिलांच्या नावांचं पॅनल तयार करायचे आणि त्या पॅनलबाहेरच्या कोणालाही सरकार जिल्ह्याचा सरकारी अभियोक्ता, म्हणजे फौजदारी खटले चालवणारा सरकारी वकील, नेमू शकत नव्हतं. किमान सात वर्षांची वकिली हवी, ही आणखी एक अट. कलमामागचा विचार सरळ आहे. कोणता वकील अभ्यास करून येतो, कोण तारखा मागतो आणि कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवता येतो, हे न्यायाधीश रोज समोर बघत असतात. मंत्रालयात बसलेल्यांना ते दिसत नाही.

याखेरीज उत्तर प्रदेशची स्वतःची नियमपुस्तिका होती, लीगल रिमेम्ब्रन्सर्स मॅन्युअल, म्हणजे राज्याच्या विधी परामर्शींची नियमावली. तिचं सातवं प्रकरण जिल्हा सरकारी वकिलांबद्दल होतं. आधी एका वर्षासाठी नेमणूक, काम पाहून पुढे तीन वर्षांपर्यंत. मुदत संपण्याच्या तीन महिने आधी जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्हा न्यायाधीशांचं मत घ्यायचं, वकिलाचं काम, वर्तन आणि वय लक्षात घेऊन मुदतवाढीबद्दल अहवाल पाठवायचा. प्रत्येकाच्या कामाची नोंदवही ठेवायची, तीत गोपनीय शेरे लिहायचे. पदावर असताना राजकारणात भाग घ्यायचा नाही, असंही बंधन होतं. नियम वाईट नव्हते.

त्याच प्रकरणात एक परिच्छेद होता, ७.०६ चा तिसरा पोटपरिच्छेद. सरकारचा सगळा भरवसा त्याच्यावर होता. जिल्हा सरकारी वकिलाची नेमणूक ही केवळ व्यावसायिक स्वरूपाची आहे, सरकारी सेवेतलं पद नाही, दोन्ही बाजूंना ती मर्जीनुसार संपवता येते आणि कोणतंही कारण न देता ती केव्हाही संपुष्टात आणण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला आहे, असं त्यात म्हटलं होतं.

काढलेल्या वकिलांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात धाव घेतली. तिथे याचिका फेटाळल्या गेल्या. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. काहींनी तिथे थेट याचिकाही केल्या. सगळ्या एकत्र ऐकून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आणि न्यायमूर्ती आर. एम. सहाय यांच्या खंडपीठाने २० सप्टेंबर १९९० रोजी निकाल दिला. कुमारी श्रीलेखा विद्यार्थी विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या नावाने तो ओळखला जातो. सरकारी करार, निविदा, परवाने यांच्या भांडणांतही आजवर त्याचा दाखला दिला जातो, पण मुळात तो सरकारी वकिलांचा निकाल आहे, हे त्या गर्दीत मागे पडतं.

सरकारचा बचाव वरवर भक्कम होता. वकील आणि अशील यांच्यातलं नातं विश्वासाचं असतं. खाजगी माणूस जसा आपला वकील बदलू शकतो, तसं सरकारनेही का बदलू नये? हा करार आहे, करारात कारण न देता काढण्याची मुभा आहे, मग राज्यघटनेचं समानतेचं कलम १४ इथे आलंच कुठून? शिवाय जुन्या वकिलांना दारं बंद नाहीत, नव्या पॅनलमध्ये त्यांचाही विचार होऊ शकतो.

न्यायालयाने यातला एकेक धागा उसवला. सरकारी वकिलाचं काम सार्वजनिक स्वरूपाचं आहे, त्याला पैसे जनतेच्या तिजोरीतून मिळतात आणि संहितेनेच त्याच्यावर काही जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. हे नातं कराराचं म्हटलं तरी त्यातला सार्वजनिक भाग पुसला जात नाही. आणि करार करणारं राज्य असेल तर करारातही त्याने मनमानी करायची नाही. खाजगी माणूस लहरीने वागू शकतो, राज्य नाही. कलम १४ चा हात करारापर्यंत पोचतो, हे या निकालाने इतकं स्पष्ट सांगितलं की त्यानंतर सरकारी बाजूला हा बचाव तसाच्या तसा वापरणं अवघड झालं.

परिच्छेद ७.०६ बद्दलचं उत्तर मला या निकालातलं सर्वांत मोलाचं वाटतं. कारण न देता काढता येतं याचा अर्थ एवढाच, की काढलेल्या वकिलाला ते कारण कळवण्याची सक्ती सरकारवर नाही. कारण मुळातच नसलं तरी चालेल, असा त्याचा अर्थ होत नाही. कारण असलं पाहिजे, ते त्या माणसाशी आणि त्याच्या कामाशी जोडलेलं असलं पाहिजे, आणि न्यायालयाने विचारलं तर दाखवता आलं पाहिजे. जिथे जिथे सरकारी आदेशात ही 'कारण न देता'ची ओळ असते, तिथे तिथे हा अर्थ लागू पडतो.

मग न्यायालयाने विचारलं, या सगळ्या वकिलांमध्ये समान काय होतं? ते सगळे निष्काळजी होते का? सगळ्यांबद्दल तक्रारी होत्या का? सरकारकडे तसं काहीच नव्हतं. समान होतं ते इतकंच, की परिपत्रक निघालं त्या दिवशी ते त्या पदावर होते. एकाही वकिलाची नोंदवही उघडून न पाहता राज्यभरच्या सगळ्यांना एका फटक्यात घालवणं म्हणजे डोकं न वापरता घेतलेला निर्णय, आणि तोच मनमानीचा पुरावा. पुढे नव्या पॅनलमध्ये विचार होईल या आश्वासनाने मुळातली चूक दुरुस्त होत नाही.

एक हिशेब इथे माझा म्हणून मांडतो. सरकारची स्वतःची नियमावली एका वकिलाच्या मुदतवाढीसाठी तीन महिने आधी प्रक्रिया सुरू करायला सांगत होती. आणि सगळ्या राज्यातले सगळे वकील बदलायला सरकारने घेतले बावीस दिवस. एवढ्या दिवसांत एका जिल्ह्यातल्या चालू खटल्यांच्या फाइली नव्या माणसाला समजावून देणंसुद्धा कठीण. अर्धवट झालेल्या उलटतपासण्या, पुढच्या तारखेला बोलावलेले डॉक्टर आणि पंच, निकालाला आलेले खटले, यांचं काय होणार याचा विचार परिपत्रक लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही. कामकाज सुरळीत करण्याचा हेतू खरा असता तर पहिला विचार तोच झाला असता.

परिपत्रक रद्द झालं. त्याच्या आधारे काढलेल्या वकिलांना परत घ्यायचा आदेश झाला. ज्यांची मुदत आधीच संपली होती, त्यांच्या मुदतवाढीचा निर्णय नियमावलीप्रमाणे घ्यायला सांगितलं. एखाद्या वकिलाचं काम खरोखर वाईट असेल तर त्याला नियमाने काढायला सरकार मोकळं होतं, आणि ते योग्यच होतं. निकाल राजकीय हेतूच्या आरोपावर बेतलेला नव्हता, त्याची गरजच पडली नाही. इथे निकालाची ताकद आहे आणि मर्यादाही. सगळ्यांना एकदम काढलं म्हणून मनमानी उघडी पडली. एकेकाला गुपचूप काढलं असतं तर?

पुढची हालचाल सरकारने कायद्यातच केली. निकालानंतर पाचच महिन्यांनी, फेब्रुवारी १९९१ पासून लागू होणारी एक दुरुस्ती उत्तर प्रदेशने संहितेच्या कलम २४ ला केली. उच्च न्यायालयातल्या सरकारी अभियोक्त्याच्या नेमणुकीआधी उच्च न्यायालयाशी सल्लामसलत करायची अट गाळली. जिल्ह्यातल्या पॅनलबद्दलची पोटकलमं ४, ५ आणि ६ सरळ काढून टाकली. म्हणजे सत्र न्यायाधीशांचं मत घेण्याचं संहितेतलं बंधन त्या राज्यापुरतं संपलं. उरली फक्त नियमावली, आणि ती सरकारला स्वतःच्या सहीने बदलता येते. खटला हरलेल्या पक्षाने निकाल न मोडता निकालाचा पायाच काढून घेतला. त्यानंतर राज्यात भाजप, समाजवादी पक्ष, बसपा अशी सरकारं आली आणि गेली.

इथे उत्तर प्रदेशला नावं ठेवून महाराष्ट्राने मोकळं होऊ नये. आपल्याकडे हेच काम दहा वर्षं आधी, १९८१ सालच्या ३४ व्या अधिनियमाने होऊन गेलं होतं. त्यात उच्च न्यायालयाशी सल्लामसलतीचे शब्द वगळले गेले. पॅनल करताना सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करायची होती, त्या जागी राज्य शासनाच्या मान्यतेने असे शब्द घातले गेले. म्हणजे जिल्हाधिकाऱ्याने यादी करायची, तिला शासनाने मान्यता द्यायची आणि त्या यादीतून नेमणूक पुन्हा शासनानेच करायची. न्यायाधीशांची जागा शासनाने स्वतःच घेतली. तेव्हा यावर फारशी ओरड झाली नाही. आपल्या तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या बारमध्ये कोणाच्या शिफारशीवर कोण डीजीपी (जिल्हा सरकारी वकील) झाला याची चर्चा दर खेपेला होते, पण ती चर्चा माणसांबद्दल असते, या दुरुस्तीबद्दल क्वचितच.

खालच्या पायरीवर चित्र थोडं बरं आहे आणि त्यामागेही एक महाराष्ट्राचंच प्रकरण आहे. दंडाधिकारी न्यायालयात काम करणारे सहायक सरकारी अभियोक्ते पूर्वी पोलीस खात्याच्या अमलाखाली होते. ज्या खात्याने तपास केला तेच खातं वकिलाचा वरिष्ठ. १९९५ मध्ये एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पोलिसांपासून वेगळं करून स्वतंत्र अभियोग विभाग करायला सांगितलं. आज या पदांची भरती लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होते. परीक्षा देऊन आलेल्या माणसाला एका फोनवर घरी पाठवता येत नाही. सत्र न्यायालयात, जिथे मोठे खटले चालतात, तिथे मात्र मुदतीच्या नेमणुका.

आणि मुदत हीच खरी नस आहे. राजकीय हस्तक्षेप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मंत्र्याचा फोन येतो. फोन करायची वेळ क्वचितच येते. तीन वर्षांची मुदत, शेवटच्या वर्षात मुदतवाढीची फाइल, आणि त्या फाइलवर कोणाची सही लागते हे माहीत असलेला वकील, एवढं पुरतं. पालकमंत्र्यांच्या माणसाचा जामीन अर्ज बोर्डावर आला की काय करायचं, हे त्याला कोणी सांगायला लागत नाही.

१९७३ च्या संहितेच्या कलम ३२१ मध्ये याचा धोका सगळ्यांत स्पष्ट दिसतो. खटला मागे घ्यायचा असेल तर अर्ज सरकारी वकिलानेच करायचा, तोही स्वतःच्या बुद्धीने, आणि त्याला न्यायालयाची संमती लागते. बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरचा खटला मागे घेण्याचा वाद पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापर्यंत गेला होता. सरकार सुचवू शकतं, पण वकील हा टपालपेटी नाही, हे तत्त्व कायद्यात पक्कं आहे. पण ज्याची नेमणूक सरकारच्या मर्जीवर आहे त्याने सरकारची सूचना स्वतःच्या बुद्धीने नाकारावी, ही अपेक्षा कायद्याने कोणाच्या जिवावर ठेवली? ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला शेवटी आदेश द्यावा लागला, की आजी-माजी आमदार-खासदारांवरचे खटले संबंधित उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घ्यायचे नाहीत. सरकारी वकिलाच्या स्वतंत्र बुद्धीवर भिस्त ठेवता आली असती तर या आदेशाची गरज पडली नसती.

१९९० नंतरच्या निकालांमध्ये न्यायालयाचा सूर बदलत गेला. १९९३ च्या हरपालसिंह चौहान प्रकरणात न्यायालयाने म्हटलं, मुदतवाढ हा हक्क नाही, पण जिल्हाधिकाऱ्याने मोघम शेरा मारून विषय संपवायचा नाही, सल्लामसलत खरीखुरी व्हायला हवी. २००४ मध्ये जोहरी मल प्रकरण आलं. ते उत्तर प्रदेशातल्याच एका सरकारी वकिलाच्या मुदतवाढीचं होतं. उच्च न्यायालयाने वकिलाच्या बाजूने निकाल दिला होता, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मुदत संपलेल्या वकिलाला पुन्हा नेमणुकीचा हक्क नाही आणि अशा निर्णयात न्यायालयाने फार खोलात शिरू नये, ही भूमिका घेतली.

पण त्याच निकालात न्यायालयाने उत्तर प्रदेशला सुनावलंही. उच्च न्यायालयाशी सल्लामसलतीची तरतूद काढून टाकण्यामागे काही तर्क दिसत नाही, ती परत आणावी किंवा दुरुस्ती असली तरी सल्ला घ्यावा. जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या मताला प्राधान्य द्यावं, म्हणजे निर्णयाला राजकीय म्हणण्याची वेळ येणार नाही. हे सगळं अपेक्षेच्या भाषेत होतं. माझ्या मते इथे न्यायालय कमी पडलं. १९९० च्या खंडपीठाने आदेश दिला होता, २००४ मध्ये अपेक्षा व्यक्त झाली. ज्या सरकारने आदेशाचा पाया पाच महिन्यांत बदलला, त्याने अपेक्षेला किती किंमत दिली असती? एकेकाला मुदतीच्या शेवटी गळू द्यायचं, हा मार्ग त्या निकालाने जवळजवळ निर्धास्त करून टाकला.

२०१६ मध्ये पंजाबच्या ब्रिजेश्वरसिंह चहल प्रकरणात सर्वोच्च न्यायालय पुन्हा एक पाऊल पुढे आलं. सरकारची बाजू मांडणाऱ्या किती विधी अधिकाऱ्यांची, म्हणजे सरकारी वकिलांची, गरज आहे याचा हिशेब न करता नेमणुका होतात, हे महालेखापरीक्षकांनी दाखवून दिलं होतं. न्यायालयाने पंजाब आणि हरियाणाला गरज मोजणं, निवड समिती आणि न्यायाधीशांचा सल्ला अशी रीत घालून दिली, आणि इतर राज्यांनीही आपापली पद्धत सुधारावी असं म्हटलं.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या कलम १८ मध्ये उच्च न्यायालयाशी आणि सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलतीचे मूळ शब्द संसदेने कायम ठेवले आहेत. राज्यांसाठी ही नव्याने सुरुवात करायची संधी आहे आणि महाराष्ट्राने १९८१ ची दुरुस्ती नव्या कायद्याच्या अंगावर पुन्हा चढवू नये, ही माझी स्पष्ट मागणी आहे. वकील संघटनांनी ती लावून धरायला हवी, कारण यात त्यांचेच तरुण सदस्य भरडले जातात. चांगलं काम करणारा, पण कोणाच्या गाडीमागे न फिरणारा वकील पॅनलपर्यंत पोचतच नाही.

सामान्य माणसालाही यात एक गोष्ट करता येते. आपल्या जिल्ह्यात सरकारी वकिलांची शेवटची नेमणूक झाली तेव्हा पॅनलमध्ये किती नावं होती, सत्र न्यायाधीशांचं मत लेखी मागवलं होतं का, ते काय होतं, आणि ज्यांना मुदतवाढ नाकारली त्यांच्या फाइलवर कारण लिहिलं आहे का, हे प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जात विचारता येतात. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे द्यायचा, आणि नेमणुकीच्या आदेशाची प्रत विधी व न्याय विभागाकडे मागायची.